च ची भाषा

भिंतीला कान असतात, ही आमच्याकडे म्हण होती.
स्विंडनमध्ये ते हप्त्यावर मिळतात.
एक कान स्वयंपाकघरात, मायक्रोवेव्हशेजारी,
निळ्या कड्याचा.
एक डोळा दारावर. पाहुण्यांसाठी, असं निनाद म्हणाला.
पाहुणे आले नाहीत.
डोळ्याला मीच दिसते, दुधाची बाटली आणताना,
आणि लगेच त्याचा मेसेज:
बावीस मिनिटं?

तो मारत नाही,
असं मी आईला दोनदा सांगितलं.
मारलं ते त्यानंतर.

अकरा वाजता हीटर उतरतो.
रेडिंगच्या ऑफिसात, मीटिंगमध्ये बसून,
तो अंगठ्याने माझी खोली चौदावर आणतो.
मी शाल घेते, मग गोधडी,
मग नको असताना कणीक मळते,
मळताना हात तेवढे गरम राहतात.
संध्याकाळी म्हणतो, घर किती गार,
साधा थर्मोस्टॅट कळत नाही तुला.
पोळ्या मात्र मोजून खातो.

व्हिसा आता कागदाचा नसतो.
एक खातं असतं. ईमेल त्याचा, नंबर त्याचा.
उघडायला गेलं की सहा आकडे येतात
आणि त्याच्या खिशात वाजतात.
मी या देशात आहे की नाही
हे त्याच्या खिशाला माहीत.
एक बटण दाबलं की तू बार्शीला, म्हणतो.
असं बटण कुठेच नसतं,
हे कळायला मला दोन हिवाळे लागले.

मार्चमध्ये हेमांगी फोनवर बोलता बोलता थांबली,
आणि म्हणाली,
चशीक चहेसआ?

वीस वर्षांनी.
शाळेच्या टाकीमागे, चिंचा चोखत बोलायचो:
पहिलं अक्षर शेवटी न्यायचं, पुढे च लावायचा.
बाई ओरडायच्या, मुलींनो, माणसांसारखं बोला.
माझी जीभ अडखळली.
चरीब, म्हणाले आधी, सवयीने.
मग, चहीना.

निळं कडं फिरलं, थबकलं,
त्याच्या भाषेत म्हणालं, माफ करा, समजलं नाही.
माझ्या घरात पहिल्यांदा कुणी
माझी माफी मागितली.

रात्री निनादने विचारलं, काय बरळत होतीस?
भाचीला गाणं शिकवत होते.
बेसूर आहेस, म्हणाला, आणि झोपला.

तीन आठवडे गाणं चाललं.
पासपोर्ट कुठल्या कपाटात, किल्ली कुठल्या खिशात,
मागच्या फाटकाला डोळा नाही,
सगळं उलटं करून, च लावून.
हेमांगी रडायची तेव्हा मात्र सरळ रडायची,
त्याला काही लावता येत नाही.

शुक्रवारी, कचऱ्याच्या दिवशी,
फोन ओट्यावर ठेवला, पुरणपोळीचा व्हिडिओ लावून.
कुणी बाई अडीच तास डाळ शिजवते त्यात.
डबा घेऊन मागच्या फाटकाने निघाले
आणि डबा गल्लीतच सोडला.
वाटेत ते जादूचं चौक म्हणतात ते लागलं,
पाच छोट्या चकल्या, मधली उलटी फिरणारी.
गाड्या एकमेकींना वाट देत होत्या.
मी चुकत चुकत लायब्ररीत पोचले.

ग्वेन नावाच्या बाईने काही विचारलं नाही.
कोपऱ्यातला कॉम्प्युटर दिला,
आणि शेजारी एक नंबर लिहून ठेवला, पेन्सिलने,
खोडता येईल असा.

नवा ईमेल. आधी नाव,
मग सुरक्षेचे प्रश्न.
आईचं माहेरचं आडनाव?
त्याला पाठ.
पहिली शाळा? जन्मगाव? लग्नाची तारीख?
सगळी उत्तरं त्याला पाठ.
माझी अशी एक गोष्ट सापडेना
जी त्याच्याकडे नाही.

घड्याळात सव्वाबारा.

मग टाकीमागचा एक शब्द आठवला.
उलटा केला, च लावला, आकडा जोडला.
कुठला, ते इथेही लिहिणार नाही.

खातं उघडलं. आत एकही पत्र नव्हतं.
मी थोडा वेळ ते रिकामं पान बघत बसले.

घरी पुरण अजून शिजत होतं.